गाळलेली पायरी

माझ्या नणंदेचा फोटो आमच्या कॉलेजच्या सूचनाफलकावर लावलेला आहे आणि त्याच्यावरून मला दिवसातून निदान चारदा जावं लागतं. फोटोखाली तमिळमध्ये लिहिलंय की कुंभकोणमची ही लेक, आमच्या कॉलेजची विद्यार्थिनी, बंगळुरात क्वांटम पदार्थांवर संशोधन करते. ती ज्या स्फटिकांवर संशोधन करते ते त्या फलकापासून वीस पावलांवर, जिन्याखालच्या खोलीत, मी वाढवते, हे मात्र कुठंही लिहिलेलं नाही. लिहा असं मी कुणाला सांगितलं नाही. न सांगता लिहायला हवं होतं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं जे येणार आहे त्यात मी फारशी चांगली दिसत नाही, आणि वाचणाऱ्यानं माझ्याबद्दल उगाच आशा बाळगू नये.

मी तंजावरची. लग्न होऊन कुंभकोणमला आले तेव्हा माझं भौतिकशास्त्राचं एम. एस्सी. झालं होतं आणि नणंद अकरावीत होती. दोन्ही घरं मराठीच. चारदोन शतकांपूर्वी इकडे येऊन राहिलेली, घरात जुनी मराठी आणि उंबरठा ओलांडला की तमिळ. ही लिहायची मराठी मी पुढं पुस्तकांतून उचलली. नणंदेला भौतिकशास्त्र मी शिकवलं, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून, एक डोळा तिच्या वहीवर आणि एक चुलीवरच्या रसमवर ठेवून. ती हुशार होती. मीही होते. निदान तेव्हा तरी आम्हां दोघींत डावं-उजवं करता आलं नसतं, असं मी पुढं वीस वर्षं स्वतःला सांगत आले.

त्याच वर्षी मला चेन्नईत संशोधनासाठी प्रवेश मिळाला होता. घरच्यांनी "नको" म्हटलं नाही. "यंदा नको" म्हटलं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. पुढच्या वर्षी मला दिवस गेले, तेव्हाही "यंदा नको"च. त्याच्या पुढच्या वर्षी गावातल्या कॉलेजात नोकरी लागली आणि मग विचारायचंच राहिलं. काही वर्षांनी नणंदेला बंगळुरात प्रवेश मिळाला तेव्हा मामंजी, जे देवळाशिवाय कुठं जात नसत, ते स्वतः तिच्याबरोबर गाडीत बसून तिला पोचवून आले. बरोबर मेतकुटाचा डबा. तिला कुणीही "यंदा नको" म्हटलं नाही.

तेव्हापासून माझ्या पोटात दुखतं. दुखतं म्हणजे खरंच दुखतं, बरगडीच्या खाली, डाव्या बाजूला. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. काही निघालं नाही.

आता थोडं विज्ञान सांगणं भाग आहे. आमचा स्फटिक म्हणजे लोखंड आणि सेलेनियम, त्यात चिमूटभर गंधक. पूड आणि थोडे क्षार क्वार्ट्झच्या नळीत घालायचे, आतली हवा काढायची, नळीचं तोंड ज्वाळेवर वितळवून बंद करायचं आणि नळी भट्टीत जराशी तिरकी ठेवायची. एक टोक जास्त गरम, दुसरं कमी. मग महिना-दीड महिना थांबायचं. वीज गेली तर देवाचं नाव घ्यायचं. शेवटी थंड टोकाला टिकलीएवढे चकचकीत, पातळ, चौकोनी पत्रे धरलेले दिसतात. सेलेनियमला नासक्या मुळ्यासारखा वास येतो. तो साडीत बसतो आणि मी घरी पोचले की सासूबाई जिन्यातूनच विचारतात, "मुळा नासला कीं तूं आलीस?"

या चौकोनाचे दोन कर्ण साध्या तापमानाला अगदी सारखे असतात. वीज या कर्णावरून नेली काय नि त्या कर्णावरून नेली काय, अडथळा तेवढाच. पण स्फटिक खूप थंड केला की एका तापमानाखाली आतले इलेक्ट्रॉन दोहोंपैकी एका कर्णाची बाजू घेतात. अणू म्हणावे तर केसभर हलतात, तेही इलेक्ट्रॉनांच्या मागून, पाहुण्यांसाठी सरकून बसावं तसे. मुख्य निर्णय इलेक्ट्रॉनांचा. एक दिशा आपली आणि दुसरी परकी झाली, म्हणजे सममिती मोडली. हाच कर्ण का, तो का नाही, याला कारण नसतं. म्हणूनच एका स्फटिकाच्या या भागात हा कर्ण निवडलेला असतो तर शेजारच्या भागात तो, आणि बाहेरून मोजलं तर सगळं मिळून पुन्हा सारखंच दिसतं. त्यामुळे मोजणारे लोक स्फटिकाला एका कर्णावर हलकेच दाबतात. एवढासा दाब पुरतो. सगळे इलेक्ट्रॉन एकाच बाजूला जातात.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं. मला वाटलं, कुणीतरी आमच्या घराबद्दल लिहिलंय. दोघी सारख्या, एकीला मामंजींनी बोट लावलं. हा विचार मला इतका आवडला की मी तो कुणाला सांगितला नाही, एकटीच चघळत राहिले.

स्फटिकांचं काम मी गावातच, नोकरी सांभाळत, रडतखडत शिकले. पीएच. डी. झाली तेव्हा मुलगा नववीत होता. नणंद तोवर परदेशात दोन वर्षं राहून बंगळुरात परत आली होती आणि तिला तिची स्वतःची प्रयोगशाळा मिळाली होती. तिनंच फोन केला. "वैनी, तुमचे स्फटिक मज पाठवा. इकडच्यांपेक्षां तुमचे बरे असतील." मी पाठवले. ते खरंच बरे होते. आमच्या कामात वाढवणारे वेगळे आणि मोजणारे वेगळे, आणि रीत अशी की वाढवणाऱ्याचं नाव मधे कुठंतरी येतं, पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं. मोजणाऱ्याचं पहिलं. मी महिना-दीड महिना भट्टीपाशी बसायचं, तिनं चार दिवसांत मोजायचं आणि भाषणं द्यायची. आयत्या बिळावर नागोबा, असं मी मनात म्हणायची. ती मात्र दर वेळी फोन करून सांगायची की कुणी कुणी माझ्या स्फटिकांची स्तुती केली. त्याचाही मला राग यायचा. स्तुती तिच्या हातून का यावी?

एका वर्षी आमच्या प्राचार्यांनी तिला वार्षिक समारंभाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलवायचं ठरवलं आणि बोलवायचं काम मला दिलं. ती आली. शालीचं तबक धरून मी उभी. भाषणात ती म्हणाली की माझी पहिली गुरू या व्यासपीठावर उभी आहे, माझी वैनी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि लोकांना वाटलं, अभिमानाचं. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, एवढ्या लोकांनी पाहिलं, पोरीची दृष्ट काढ. मीठ-मिरच्या घेऊन मी तिच्यावरून तीनदा ओवाळल्या. जिची दृष्ट लागली असेल तीच ती काढत होती. मिरच्या विस्तवात टाकल्या तर ठसकासुद्धा लागला नाही. सासूबाई म्हणाल्या, "पाहिलेंस? केवढी दृष्ट होती."

त्याच मुक्कामात तिनं माझ्याकडे कृती मागितली.

स्फटिकांची कृती. बंगळुरात तिला भट्टी मिळाली होती, विद्यार्थी होते. "प्रत्येक वेळीं तुम्हांस त्रास कशाला," ती म्हणाली. "सगळें लिहून द्या, आम्हीं तिकडेच वाढवूं." तिच्या मनात खरंच त्रास वाचवायचा होता. माझ्या मनात एकच आलं. म्हणजे आता मीही नको.

इथं सासूबाईंच्या मेतकुटाबद्दल सांगायला हवं. आमच्या गल्लीत त्यांचं मेतकूट प्रसिद्ध आहे. जी मागेल तिला त्या कृती देतात, न कुरकुरता, बसवून, कॉफी पाजून, डाळी किती भाजायच्या ते हात लावून दाखवतात. फक्त सुंठ सांगत नाहीत. शेजारणी घरी जाऊन करतात आणि वर्षानुवर्षं म्हणतात, तुमच्या हाताची चव काही येत नाही. मी नवी असताना विचारलं होतं, असं का. त्या म्हणाल्या, "सगळें सांगितलें तर मग माझ्याकडे कोण येईल?" त्यात कपट काही नव्हतं. आमच्याकडे बायका कृती अशीच देतात. माझ्या आईचं सारही असंच आहे. मला आजवर तिच्यासारखं जमलेलं नाही, आणि मी तिची मुलगी आहे.

तर मी नणंदेला चार पानं लिहून दिली. पुडीचं प्रमाण, क्षारांचं प्रमाण, नळीचा तिरकेपणा, दोन्ही टोकांचं तापमान, किती दिवस, कसं धुवायचं, सगळं. एक पायरी गाळली.

ती पायरी अशी. धुतल्यावर पातळ पत्रे कोपऱ्यांत जरा वळतात, अप्पळम, म्हणजे पापड, तळताना वळतो तसे. ते सपाट करायला मी काचेचे दोन तुकडे घेते, मधे पत्रा ठेवते, आणि तो घसरू नये म्हणून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत स्क्रूच्या छोट्या चिमट्यानं धरते. हा चिमटा मला दिवे करणाऱ्या एका कारागिरानं पितळेच्या उरलेल्या तुकड्यांतून करून दिला होता. मग ते सगळं हवा काढलेल्या नळीत घालून मंद भट्टीत दोन दिवस. पत्रे सरळ होतात, चकचकीत दिसतात. कुठल्याही पुस्तकात हे नाही. माझं मीच शोधलेलं. विज्ञानाच्या दृष्टीनं त्याला काही किंमत असेल असं मला वाटलंच नव्हतं. फक्त दिसायला छान. सुंठीएवढंच.

वर्षभरानं नणंदेचा फोन आला. आवाज चिरकला होता, लहानपणी गणित सुटलं की चिरकायचा तसा. माझ्या स्फटिकांत तिला काहीतरी दिसलं होतं. तिनं स्फटिक बारीक तारांवर नुसता टांगून ठेवला, कुठं चिकटवला नाही, कुठं दाबला नाही, आणि थंड केला. अख्खा स्फटिक एकाच कर्णाकडे गेला. तुकडे नाहीत, सरासरी नाही, एक सबंध दिशा. गरम करून पुन्हा थंड केला, पुन्हा तोच कर्ण. दहा वेळा, वीस वेळा. आणि गंमत म्हणजे बंगळुरात माझ्या कृतीनं वाढवलेल्या स्फटिकांत हे होत नव्हतं. त्यांत नेहमीसारखे तुकडेच.

"कोणीं न ढकलतां तो स्वतः एक बाजू धरतो, वैनी, आणि ती लक्षांत ठेवतो," ती म्हणाली. "इकडे सगळे म्हणतात, तुमचे स्फटिक इतके शुद्ध आहेत म्हणून हें दिसतें. तुमच्या हातालाच गुण आहे."

मी जिन्याखालच्या खोलीत उभी होते. एवढ्या वर्षांत मला हवं होतं ते वाक्य मी ऐकत होते. आणि ते ऐकत असतानाच मला कळलं की ते खोटं आहे.

कुणी न ढकलता निवडणारा स्फटिक कधी हा कर्ण धरेल, कधी तो. वीस वेळा तोच धरतो याचा अर्थ त्याला आधीच कुणीतरी दाबलेलं आहे आणि तो दाब आत कुठंतरी राहिला आहे. दोन कोपरे, म्हणजे एक कर्ण. दोन दिवस, मंद भट्टी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा माझ्या चिमट्याचा पीळ त्या पत्र्यात उरला होता.

तिनं लगेच विचारलंही. तिला विचारायलाच हवं होतं, ती कच्ची नव्हती. "पाठवण्यापूर्वीं तुम्हीं यांस काहीं करतां? कुठें दाबतां, तापवतां?"

मी म्हणाले, "काही नाही. धुते आणि वाळवते."

खोटं बोलायला मला जराही वेळ लागला नाही. सत्य सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की मी तुला अर्धी कृती दिली. का दिली, हे सांगावं लागलं असतं. आणि त्याबरोबर हाताचा गुणही गेला असता. हे सगळं मी नंतर जुळवलं. त्या क्षणी फक्त तोंडातून निघून गेलं.

तिनं निबंध लिहिला. माझं नाव दुसरं घातलं, मधे नव्हे. मला मसुदा पाठवला आणि विचारलं, चालेल ना. मी त्या दोन नावांकडे पाहत बसले. तिचं आणि माझं, शेजारी शेजारी. सासूबाईंना दाखवलं तर त्यांनी आधी लेकीच्या नावावर बोट ठेवलं, मग म्हणाल्या, "तुझेंही आहे कीं." त्यातला तो "ही" मला दिवसभर टोचला.

निबंध मासिकाकडे गेला. पुढच्या काही महिन्यांत काय काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, बहुतेक सासूबाईंकडून. कारण नणंद रोज आईला फोन करते आणि सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून तो फोन सगळ्या घराला ऐकू येतो. दुसऱ्या एका ठिकाणच्या लोकांनी स्वतःचे स्फटिक वाढवून पाहिलं. त्यांना काही दिसलं नाही. मग निबंध तपासणाऱ्यांनी लिहिलं की मोजणाऱ्यांच्या जोडणीत दोष असावा, तारा नीट बसवलेल्या नसाव्यात. एका परिषदेत तिच्या भाषणानंतर कुणीतरी वयस्कर माणसानं उभं राहून हेच सगळ्यांसमोर म्हटलं, जरा हसून. ती तारा पुन्हा बसवू लागली. पुन्हा पुन्हा. विद्यार्थ्यांवर विश्वास राहिला नाही म्हणून स्वतःच्या हातांनी.

मला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतंय, पण लिहिते. त्या वयस्कर माणसाचं हसणं सासूबाईंनी सांगितलं तेव्हा मी भाजी चिरत होते आणि मला इतकं बरं वाटलं की मी भाजी जास्त चिरली. ते बरं वाटणं चांगले तीन दिवस टिकलं. बरगडीखालचं दुखणं नाहीसं झालं. मी वर्गात विनोद केले. नवरा नवग्रहांच्या देवळांना गाड्या सोडतो. रविवारी राहुकाळात तिरुनागेश्वरमच्या राहूला जाणाऱ्या भक्तांबरोबर मीही गाडीत बसले, एरवी कधी जात नाही, आणि डोळे मिटून हात जोडले. काय मागत होते ते मला ठाऊक होतं, म्हणून लवकर उघडले.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी जेवण टाकलं. लेक जेवत नाही तर मी कशी जेवू, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझेंच शास्त्र ना हें? तूं कांहीं करूं शकत नाहींस?" मी म्हणाले, मी नुसती वाढवते. मोजण्यातलं मला काय कळतं. चोराच्या मनात चांदणं. त्यानं एवढंच विचारलं होतं आणि मी त्याच्यावर ओरडले.

पुढच्या आठवड्यात परीक्षा चालू होती. दुपारी पहारा संपवून मी खाली खोलीत आले आणि तिचा फोन आला. आवाज अगदी साधा होता. मला तिच्या त्या साधेपणाची भीती वाटली.

ती म्हणाली, "वैनी, मीं निबंध मागें घेतें."

मी खोलीचं दार आतून लावून घेतलं.

"चूक कुठें आहे तें मज सांपडत नाहीं. पण चूक माझीच असणार, तुमचे स्फटिक दोनदां तपासून घेतले, त्यांत कांहीं नाहीं. मीं मासिकास तसें लिहून देतें, कीं स्फटिक निर्दोष आहेत, मोजणें चुकलें. तुमच्या नावाला कांहीं लागतां कामा नये." मग म्हणाली, "हें मोजणें मज जमत नाहीं बहुधा. विद्यार्थ्यांसही सांगून टाकलें, कीं दुसरें कांहीं पाहूं. तुम्हीं मन छोटें करूं नका."

मला वाटलं होतं, तिचं असं झालं तर मला हवं ते मिळेल. ती खाली येईल, मी वर जाईन असं नाही, पण निदान समोरासमोर तरी उभ्या राहू. आणि इथं ती जाता जाता माझं नाव पुसून, स्वच्छ करून, माझ्या हातात देत होती. मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता. चांगुलपणातही हीच पुढं.

"थांब," मी म्हणाले. "मी तुला सगळी कृती दिली नव्हती."

मग सांगितलं. काच, चिमटा, दोन कोपरे, दोन दिवसांची मंद भट्टी. विचारल्यावर खोटं बोलले तेही. मी भराभर बोलत गेले, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. बोलून झाल्यावर मी तिच्या रडण्याची वाट पाहत होते, किंवा शिव्यांची. आमच्या जुन्या मराठीत शिव्या फार छान आहेत, तिनं त्यांतली एक जरी वापरली असती तरी मला चाललं असतं.

"कुठल्या दोन कोपऱ्यांत?" ती म्हणाली.

"समोरासमोरच्या."

"नेहमीं त्याच?"

"त्याच म्हणजे... चौकोनच तो. कुठलेही समोरासमोरचे."

"थांबा, थांबा." कागद ओढल्याचा आवाज आला. "तापवतांना दाबलें, आणि निवल्यावर दाब काढला, तरी दिशा आंत राहिली. महिनोनमहिने राहिली. म्हणजे मग गंधकाचे अणू त्या दिशेस सरकून बसले असतील. नाहींतर कांहीं रिकाम्या जागा. वैनी, मग तोच पत्रा दुसऱ्या कर्णावर दाबून पुन्हा भाजला, तर दिशा फिरेल? कधीं केलेंत?"

मी कधीच केलं नव्हतं.

"आणि अर्ध्या पत्र्यास एकीकडे, अर्ध्यास दुसरीकडे? मग दिशा लिहितांच येईल कीं! जशी हवी तशी आंत लिहायची, मग थंड केलें कीं इलेक्ट्रॉन वाचतील. अय्यो, वैनी, हें तर पहिल्यापेक्षां मोठें आहे!" तिचा आवाज चिरकला.

मी स्टुलावर बसले. सहा वर्षं मी ते पत्रे दाबत होते. दाबते म्हणून दिशा राहते, हे मला तिच्या त्या फोनच्या पहिल्याच मिनिटात कळलं होतं आणि जवळजवळ वर्षभर मी ते पोटात धरून बसले होते. पण त्या सगळ्या वेळात मला त्यात एकच गोष्ट दिसली होती: लपवायचं, की कबूल करायचं. उलट्या कर्णावर दाबून पाहावं, हे एकदाही मनात आलं नाही. तिच्या मनात ते यायला अर्धं मिनिटही लागलं नाही, तेही निबंध बुडालेला असताना, उपाशीपोटी. मी स्वयंपाकघराच्या पायरीवर तिला शिकवत होते तेव्हाही आम्ही दोघी सारख्या नव्हतो. मामंजी गाडीत बसले नसते तरी ती गेलीच असती. आणि मला कुणी "यंदा नको" म्हटलं नसतं तर मी चेन्नईत, अधिक चांगल्या भट्टीपाशी, हेच स्फटिक सपाट करत बसले असते.

एवढी वर्षं मी ज्या गोष्टीवर जळत होते, ती तिला कुणी दिलेलीच नव्हती. हिसकावून घेता येईल असं तिच्याकडे काही नव्हतंच.

पलीकडे ती अजून बोलत होती. कोणते चिमटे करून घ्यायचे, किती पत्रे लागतील, सासूबाईंना सांगा मी रविवारी येते, जेवते म्हणावं. मग एकदम आठवल्यासारखं तिनं विचारलं, "पण वैनी, हें कृतींत कां लिहिलें नाहींत? आणि मीं विचारलें तेव्हांही?"

मी खरं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्यानं, शब्दांत.

"तुझा हेवा वाटतो म्हणून. फार वर्षांपासून. तुझं वाईट व्हावं असंही मला वाटलं आहे."

ती हसली. मनापासून, खळखळून हसली, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा हसत असावी. "तुम्हीं पण ना, वैनी," ती म्हणाली. तिला ती थट्टाच वाटली. आपला हेवा करावा असं कुणाच्या, त्यातून वैनीच्या, मनात येईल हे तिच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. मी पुन्हा तोंड उघडलं, पण तेवढ्यात ती म्हणाली, "बरें, आतां सांगा, मंद भट्टी म्हणजे किती डिग्री?"

"दोनशे दहा," मी म्हणाले.

तिनं लिहून घेतलं.